अंकुशनगरमध्ये खोल्या बांधून भाड्याने दिल्या, तर कर्जाचा हप्ता खरंच भाड्यातून निघतो का?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गाजवळ अंकुशनगर आहे. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती ही वस्ती वाढली आणि जालन्याचे माजी खासदार अंकुशराव टोपे यांचंच नाव तिला मिळालं.

साखर कारखाना आला की त्याच्या आसपास एक छोटा व्यवसाय आपोआप उभा राहतो. घराच्या मागच्या मोकळ्या जागेत एका ओळीत तीन-चार खोल्या, पुढे सामाईक ओटा, वर काळी टाकी. मालक स्वतःला गुंतवणूकदार वगैरे म्हणवत नाही. तो शेतकरी असतो, शिक्षक असतो, नाहीतर कारखान्यातूनच निवृत्त झालेला असतो. हातात फंडाचे किंवा जमिनीच्या मोबदल्याचे पैसे येतात, थोडे कमी पडतात आणि मग कुणीतरी सांगतं, "बांधून टाका, भाड्यातून हप्ता निघतो."

या वाक्यावर अनेक घरांची आयुष्यभराची बचत लागलेली असते. ते कितपत खरं आहे, हे तीन गोष्टींवर ठरतं. भाडं किती महिने येतं, जागेचा कागद कसा आहे आणि पैसा कुणाकडून घेतला.

अंकुशनगरसारख्या गावात भाडेकरू कोण असतो?

ऊसतोड कामगार हे पहिलं उत्तर अनेकांच्या मनात येईल. पण ऊसतोड टोळ्या खोल्यांत राहत नाहीत. त्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहतात, आणि त्यांच्या राहण्याची अवस्था हा स्वतंत्र विषय आहे. कारखान्याच्या गावांत खोली भाड्याने घेणारे सहसा हंगामी कर्मचारी, यंत्रावर काम करणारे बाहेरगावचे तंत्रज्ञ, बँकेचे आणि महावितरणचे कर्मचारी, शिक्षक, दुकानांत काम करणारी मुलं असे असतात.

यातले हंगामी कर्मचारी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होताना येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की जातात. म्हणजे चारपैकी दोन खोल्या अशा लोकांना दिल्या, तर त्या वर्षाकाठी पाच-सहा महिनेच भाडं देतील हे धरून चालायचं. बारा महिने राहणारा भाडेकरू म्हणजे नोकरदार. त्यातही गंमत अशी की जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी मुख्यालयी राहावं असा नियम असला, तरी बरेच जण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून ये-जा करतात. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न विधानसभेत मांडला, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. चर्चा घरभाडे भत्त्याची आणि शाळेच्या गुणवत्तेची झाली. गावात खोल्या बांधणाऱ्यांसाठी मात्र तो थेट मागणीचा प्रश्न आहे. रस्ते सुधारले आणि दुचाकी घरोघरी आली, तसा गावात मुक्कामी राहणारा नोकरदार कमी होत गेला.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. अंबड तालुक्यातल्या उसाला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा मोठा आधार आहे. धरण भरलं तर ऊस, ऊस असला तर लांब हंगाम, आणि हंगाम लांबला तर खोल्या भरलेल्या. उलटंही तितकंच खरं. महाराष्ट्राचं साखर उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे ८४ लाख टन होतं. दुष्काळानंतरच्या २०१६-१७ च्या हंगामात ते निम्म्यावर, सुमारे ४२ लाख टनांवर आलं. पुढच्याच वर्षी ते १०७ लाख टनांच्या आसपास गेलं. कारखान्याच्या गावातला घरमालक या चढउताराचा भागीदार असतो, मग त्याच्या शेतात ऊस असो वा नसो. ज्याच्या शेतातही ऊस आहे, त्याचं दुष्काळात दोन्हीकडून नुकसान होतं. उसाचा पैसाही नाही आणि भाडंही नाही. कर्ज घेताना या एका गोष्टीचा विचार सर्वांत कमी होतो.

गणित कागदावर मांडलं तर काय दिसतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे गावागणिक बदलतील, पद्धत तीच राहील.

समजा जागा स्वतःची आहे. एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम अशा चार जोड्या, प्रत्येकी २५० चौरस फुटांच्या, बांधायच्या आहेत. एकूण १,००० चौरस फूट. दर चौरस फुटाला १,६०० रुपये धरले तर १६ लाख रुपये. बोअर, टाकी, शोषखड्डा, वीजजोडणी यांचे २ लाख. एकूण १८ लाख.

प्रत्येक जोडीला महिना २,५०० रुपये भाडं मिळतं असं धरू. चारांचे १०,००० रुपये, वर्षाचे १,२०,०००. बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात.

आता वर्षातले सरासरी दोन महिने खोल्या रिकाम्या राहतात असं मानलं, तर उत्पन्न १ लाखावर येतं. घरपट्टी, मोटारीचं बिल, गळके नळ, दोन-तीन वर्षांनी रंग, एखादं साल टँकर, यासाठी वर्षाला १५,००० रुपये बाजूला काढले, तर हातात उरतात ८५,००० रुपये. महिन्याला साधारण ७,०८३.

१८ लाखांवर ८५,००० म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास परतावा झाला, आणि यात जागेची किंमत धरलेलीच नाही. हीच रक्कम बँकेच्या मुदत ठेवीत ठेवली तर व्याज याहून जास्त मिळू शकतं. तरीही लोक खोल्या का बांधतात? भाडं काळानुसार वाढतं, ठेवीचं व्याज वाढेलच असं नाही. बांधलेली वास्तू मुलांच्या उपयोगी पडते. आणि ठेव मोडणं फार सोपं असतं, घर मोडणं अवघड. ही कारणं खोटी नाहीत. पण यातल्या एकाही कारणाने कर्जाचा हप्ता भरला जात नाही.

हप्त्याचं बघू. १० लाख रुपये ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता येतो १०,१४३ रुपये. भाड्यातून उरतात ७,०८३. दर महिन्याला सुमारे ३,००० रुपये पगारातून किंवा शेतीतून घालावे लागतील. तेही मालकाने स्वतःचे ८ लाख आधीच घातल्यानंतर.

म्हणून प्रश्न उलटा विचारला तर जास्त उपयोग होतो. हे भाडं किती कर्ज पेलू शकतं? ७,०८३ रुपयांत, याच व्याजाने आणि याच मुदतीत, जेमतेम ७ लाखांचं कर्ज फिटतं. तेही सगळं सुरळीत चाललं तर. बँका कर्ज देताना उत्पन्न हे हप्त्यापेक्षा काही पटीने जास्त आहे का, हे पाहतात. साधारण सव्वापट उत्पन्न असावं असा संकेत घरीही पाळला, तर हप्ता ५,६६७ रुपयांच्या पुढे जायला नको. म्हणजे कर्ज ५ लाख ६० हजारांच्या आसपास.

फरक दुष्काळाच्या वर्षी कळतो. समजा त्या वर्षी निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडं ६०,०००, खर्च तेवढाच १५,०००, उरले ४५,०००. महिन्याला ३,७५० रुपये. ५ लाख ६० हजारांचं कर्ज असेल तर महिन्याला सुमारे १,९०० रुपयांची तूट येते. कुटुंब ती कशीतरी भरून काढतं. १० लाखांचं असेल तर तूट जवळपास ६,४०० रुपयांची, वर्षाची ७६,००० च्या पुढे. अशा वेळी दागिने बाहेर निघतात किंवा दुसरं कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरला जातो.

पैसे कमी असतील तर आधी दोनच खोल्या बांधाव्यात, पण पाया आणि कॉलम वरचा मजला पेलतील असे घ्यावेत. हे गावातले जुने गवंडीही सांगतात. कॉलमला जास्तीचं लोखंड आज थोडं महाग वाटतं, मात्र दोन खोल्यांना खरोखर किती भाडेकरू मिळतात हे पाहून पुढचा निर्णय घेता येतो.

बँक नाही म्हणते, ती कागदामुळे

शहरात फ्लॅट घेताना बँक आधी पगाराची स्लिप मागते. गावात पहिला प्रश्न जागेचा असतो.

गावठाणातली जागा असेल तर लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतात. (हा आणि जमिनीच्या खात्याचा ८-अ, हे दोन वेगळे कागद आहेत. बँकेत चुकीचा उतारा घेऊन गेल्यामुळे एक फेरी वाया जाणं ही नेहमीची गोष्ट.) नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. घरपट्टी कुणाच्या नावावर आकारली जाते हे त्यातून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहत्या जागेवरही कर्ज मिळत नव्हतं. ही अडचण सोडवण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने देशपातळीवर स्वामित्व योजना सुरू केली. मोजणी झालेल्या गावांत घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ती असेल तर बँकेशी बोलणं बरंच सोपं होतं.

जागा गावठाणाबाहेर, शेतात असेल तर ती अकृषिक आहे का हा मुद्दा येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत अलीकडच्या वर्षांत सुधारणा होऊन गावठाणालगतच्या २०० मीटर पट्ट्यासाठी प्रक्रिया सोपी करण्यात आली. तरी बँकेला तहसील कार्यालयाचा कागद हातात लागतो, तोंडी "इथे एनए लागत नाही" चालत नाही. हमरस्त्यालगत बांधकाम रेषेचे वेगळे नियम आहेत. रस्त्याला लागून गाळे काढायचा विचार असेल तर ते आधी पाहिलेले बरे.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते गुंठ्यांत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाण क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आहेत. २०२३ मध्ये राज्याने हे प्रमाण क्षेत्र बहुतांश जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवलं. तरी दोन-दोन गुंठे शंभरच्या बाँडवर किंवा नोटरी करून विकले गेले. घेणाऱ्याने पैसे दिलेत, ताबाही घेतलाय, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच. अशा जागेवर बांधलेल्या खोल्यांना भाडेकरू मिळतो. बँक मिळत नाही, आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही त्याच बाँडवरचं मिळतं, पडत्या भावाने. गायरानावर बांधलेल्या खोल्यांचं तर अतिक्रमणाच्या नोटिशीबरोबर सगळंच भांडवल टांगणीला लागतं.

मग सातबाऱ्यावरची नावं. जागा वडिलोपार्जित असेल तर त्यावर भाऊ असतात, बहिणी असतात, कधीकधी वारलेल्या आजोबांचं नावही तसंच असतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहहिस्सेदार मानलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते आणखी स्पष्ट केलं. बँक सगळ्यांची संमती मागते. पण एका भावाने स्वतःच्या पैशांनी सामाईक जागेत खोल्या बांधल्या आणि भाडंही तोच घेतोय, अशा घरात भांडण बँकेमुळे होत नाही. ते पाच-सात वर्षांनी, खोल्यांचं कर्ज फिटत आल्यावर होतं. आधी वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवून मग पाया खोदणं, याला एक-दोन वर्षं जास्त लागली तरी त्यातच शहाणपण आहे. बहिणीची सही "करून घेण्या"ची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती मात्र या सल्ल्यात बसत नाही.

पैसा कुठून येतो आणि तो किती महाग पडतो?

कागद नीट असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं घरबांधणी कर्ज सर्वांत स्वस्त. ते एकरकमी मिळत नाही. पाया, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी येतं. व्याजदर बदलता असेल तर तो ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेला असतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला, त्यामुळे जुन्या कर्जदारांनी आपला दर उतरला का हे बँकेत जाऊन विचारायला हरकत नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. उसाचं बिल आलं की एकरकमी काही रक्कम भरणं हे या भागातल्या माणसाला सहज जमण्यासारखं आहे.

बँक नाही म्हणाली की पतसंस्था. पगारदारांच्या पतसंस्थेत हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे दर तुलनेने बरा असतो. इतर पतसंस्थांचे दर चढे आणि मुदत कमी. वरच्या उदाहरणात १० लाख रुपये १४ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १८,७४० रुपये. चारही खोल्या बाराही महिने भरल्या तरी भाडं १०,०००. म्हणजे "भाड्यातून हप्ता निघतो" हे वाक्य इथे पहिल्याच महिन्यात खोटं ठरतं.

त्याखाली सावकार. गावात व्याज शेकड्यावर सांगतात. "शेकडा तीन" ऐकायला लहान वाटतं. ते महिन्याचं असतं, वर्षाचे झाले ३६ टक्के. १० लाखांचं नुसतं व्याज महिन्याला ३०,००० रुपये, म्हणजे पूर्ण भाड्याच्या तिप्पट. मुद्दल तसंच. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा, इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. व्याजाच्या बदल्यात जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करण्याची सोय याच कायद्यात आहे.

आणखी एक मोह असतो तो पीककर्जाचा. राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. हा "फुकटचा" पैसा सिमेंट-लोखंडात घातला जातो. पण पीककर्ज वर्षात फेडायचं असतं आणि खोली वर्षात स्वतःची किंमत फेडत नाही. सवलत जाते, खातं थकतं आणि पुढच्या पेरणीला बँकेचा दरवाजा बंद होतो.

अकरा महिन्यांचा करार नक्की कशासाठी?

"भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं," हा समज गावोगाव आहे. यातून चांगल्या भाडेकरूलाही दरवर्षी खोली बदलायला लावलं जातं. प्रत्यक्षात भाडेकरू हा मालकाच्या परवानगीने राहत असतो. भाडं देत असलेला माणूस नुसत्या काळाच्या जोरावर मालक होत नाही. बारा वर्षांचा मुद्दा मालकाविरुद्ध, उघडपणे मालकी सांगून ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भीती खरी कशाची असावी, तर कागदच नसण्याची. कारण मग तो भाडेकरू आहे हे सिद्ध करणंच अवघड जातं.

अकरा महिन्यांची प्रथा आली ती नोंदणी कायद्यातून. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोक एक महिना कमी करतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. त्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते आधी ग्राह्य धरलं जातं.

हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. तो त्याच्या परिशिष्टांत नोंदवलेल्या क्षेत्रांपुरता, मुख्यतः शहरांपुरता आहे. बाकी ठिकाणी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर राहण्याची खोली महिन्या-महिन्याने दिली असं मानतात आणि १५ दिवसांच्या नोटिशीने ती रिकामी करायला सांगता येते. पण भाडेकरू गेलाच नाही तर? सामान बाहेर फेकणं, वीज-पाणी तोडणं, कुलूप लावणं यातलं काहीच मालकाला करता येत नाही. बळाने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत न्यायालयात जाऊन ताबा परत मागू शकतो.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायला खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५०० रुपये. अडीच हजार भाड्याच्या खोलीसाठी खरा खर्च एजंटच्या फीचा आणि तालुक्याच्या फेरीचा असतो. ऑनलाइन नोंदणीची सोय आहे, त्यासाठी दोघांचं आधार आणि अंगठ्याचं यंत्र लागतं. चार-सहा महिन्यांच्या हंगामी भाडेकरूसाठी इतकं कुणी करत नाही हे वास्तव आहे. मग किमान साधा लेखी करार, ओळखपत्राची प्रत, पोलीस ठाण्यात माहिती आणि दरमहा भाडं बँक खात्यात, एवढं तरी हवं.

खात्यात येणाऱ्या भाड्याचा आणखी एक उपयोग आहे. रोखीत घेतलेलं भाडं बँकेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं. तीन वर्षं खात्यात दिसलेलं आणि विवरणपत्रात दाखवलेलं भाडं पुढच्या कर्जाला उत्पन्न म्हणून धरलं जाऊ शकतं.

खोली देताना आडनाव विचारून "जागा गेली" सांगण्याची पद्धतही सर्रास आहे. ती अन्यायकारक आहेच. शिवाय ज्या गावात बारमाही भाडेकरू मोजकेच मिळतात, तिथे पगार सुरू असलेल्या माणसाला अशा कारणाने परत पाठवून खोली दोन महिने रिकामी ठेवणारा मालक स्वतःच्या हप्त्यालाही नुकसान करत असतो.

रोजची डोकेदुखी: पाणी आणि मीटर

भाडेकरू खोली सोडतो त्याचं कारण बहुतेक वेळा भाडं नसतं. पाणी असतं. मार्चनंतर बोअरची पातळी खाली गेली की एका टाकीवर चार कुटुंबं, कपडे कुणी किती धुवायचे यावरून कुरबुरी, आणि मालकाचा फोन बंद. उन्हाळ्यात टँकर लागला तर पैसे कुणी द्यायचे हे आधीच करारात लिहिलं तर निम्मी भांडणं मिटतात. छतावरचं पाणी बोअरपाशी मुरवण्याची सोय बांधतानाच केली तर खर्च थोडा येतो. शोषखड्डा मात्र बोअरपासून शक्य तितका लांब हवा.

विजेचं एकच मीटर ठेवून चार खोल्यांना सबमीटर लावतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. पहिल्या १०० युनिटला कमी, १०१ ते ३०० ला जास्त, पुढे आणखी. चार कुटुंबांचा वापर एका मीटरवर गोळा झाला की बिल वरच्या टप्प्यात जातं, आणि मग मालक भाडेकरूंकडून वाढीव दराने वसूल करतो. स्वतंत्र मीटर घेतले तर प्रत्येकजण आपल्या टप्प्यात राहतो आणि बिल थकलं तर मालकाच्या गळ्यात येत नाही.

अनामत परत करण्यावरूनही वाद होतात. खोली देताना भिंती, नळ, दिवे यांचे मोबाइलवर चार फोटो काढून दोघांनी एकमेकांना पाठवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. ही अनामत आणि दुरुस्तीचे बाजूला काढलेले पैसे मात्र खर्चून टाकू नयेत. जास्त व्याजाच्या लोभाने ते कुठल्याही मल्टिस्टेट पतसंस्थेतही ठेवू नयेत. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थांना तो नाही. मराठवाड्यातल्या ठेवीदारांनी गेल्या काही वर्षांत याची किंमत मोजली आहे.

कर किती लागतो?

बहुतेक छोट्या मालकांना काहीच नाही. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. कर्जाचं व्याजही वजा होतं. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करात सूट आहे. तेव्हा शिक्षक किंवा बँक कर्मचारी भाडेकरूने घरभाडे वजावटीसाठी पावती मागितली तर घाबरून नकार देण्याचं कारण उरत नाही. पत्नीच्या नावावर बांधकाम दाखवून भाडं तिच्या नावे लावलं, पण पैसा नवऱ्याचा असेल, तर कर नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजला जातो.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता भरला की काम संपलं असं समजून लोक घरी येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यानंतर ३० दिवसांच्या आत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. १ डिसेंबर २०२३ पासून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवलेला बोजा आपोआप उतरला असेलच असं नाही. बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा, फेरफार मंजूर झाला का ते पाहावं आणि नवा उतारा काढून पेटीत ठेवावा.